गाडी किती वाजता?

गेल्या जूनमधली गोष्ट. अण्णांना आणि आईला डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल स्टेशन दाखवायला नेलं होतं. आत शिरलं की माणूस मान वर करून ते छत बघत राहतो, तोंड उघडंच राहतं, पण अण्णांनी छताकडे बघितलंच नाही, ते सरळ माहितीच्या टेबलापाशी गेले आणि तिथल्या पोराला विचारलं, "नेक्स्ट ट्रेन, व्हॉट टाइम?" पोरगा गोड होता. त्याला वाटलं म्हातारबुवा गंमत करतायत, तो हसला आणि म्हणाला की सर, इथे गाड्या येत नाहीत, १९८८ पासून नाही, आता इथे मोबिलिटीवर, म्हणजे वाहतुकीच्या नव्या तंत्रज्ञानावर, काम चालतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मराठीत सांगितलं की गाडी नाहीये अण्णा, आता ऑफिसं आहेत. ते "बरं बरं" म्हणाले, खिशातलं पेन उगाच काढून परत खिशाला लावलं, आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. छतही त्यांनी नंतर बघितलं, पण पाहुण्यांच्या घरी शोकेस बघतो तसं.

ते "बरं बरं" डोक्यातून जाईना माझ्या.

अण्णा रेल्वेत होते हे सांगायला हवं. असिस्टंट स्टेशन मास्तर, सोलापूर डिव्हिजन, त्यातली बरीच वर्षं कुर्डुवाडी. म्हणजे माझं लहानपण सगळं क्वार्टरमधलं, एकीकडे मोठी लाइन आणि दुसरीकडे बार्शी लाइटची ती बुटकी नॅरो गेज, आषाढीला तिच्या टपावर माणसं बसलेली, भगवे झेंडे, अभंग आणि कोळशाचा नाहीतर डिझेलचा वास, जो ज्या वयात आठवतो तो. आमच्या घरात घड्याळ बघून कुणी वेळ सांगायचं नाही, "मद्रास मेल गेली का?" असं विचारायचं. अण्णांच्या हिशोबात स्टेशन म्हणजे इमारत नाहीच. पत्र्याची शेड असली तरी चालेल, गाडी थांबली की झालं स्टेशन. आणि गाडी थांबत नसेल तर? ह्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं, मी आपली त्यांना आकडे सांगत सुटले. की बघा, १९१३ साली बांधलंय, न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल ज्यांनी बांधलं त्याच आर्किटेक्ट मंडळींनी, वर अठरा मजली टॉवर, ह्या छताला २९ हजार टाइल्स आहेत, तीस वर्षं उघडंबोडकं पडलं होतं, चोरांनी तांबं काढून नेलं, वायरी काढून नेल्या, पाऊस आत, बर्फ आत. मग २०१८ ला फोर्डनं विकत घेतलं आणि सहा वर्षं खपून ठीकठाक केलं, आजूबाजूच्या इमारती धरून ९५ कोटी डॉलर घातले, तीन हजारांवर माणसं राबली. तळघरात साठलेलं पाणीच ३५ लाख गॅलन उपसलं म्हणे. लिटरमध्ये किती, असं आईनं विचारलं. मी फोनवर हिशोब करून सव्वा कोटीच्या वर सांगितलं. आई सोलापूरची, जिथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिनं नुसतं "अगंबाई" म्हटलं आणि गप्प बसली. मग म्हणाली, "एवढं मोठं झाडायला रोज किती बाया लागत असतील गं?"

तर हे असं, एक जण गाडी शोधतोय, एक जण झाडू मारणारी शोधतेय, आणि मी टूर गाइड.

त्या दिवसाची सुरुवातच खरं तर तशी झाली होती. सकाळी डाउनटाउनला नेलं आधी. तिथे पीपल मूव्हर आहे, खांबांवरून जाणारी, ड्रायव्हर नसलेली छोटीशी गाडी, १९८७ ची. अण्णा खुश, लहान पोरासारखे पुढच्या काचेला नाक लावून उभे. दोन स्टेशनं गेल्यावर विचारतात, "ही जाते कुठं?" मी म्हटलं कुठे जात नाही, गोल फिरते, तीन मैलांपेक्षा कमीच आहे सगळा फेरा, त्याच स्टेशनवर परत येतो आपण. "आणि उलट्या दिशेला जायचं असलं तर?" तर पूर्ण फेरा मारायचा. अण्णांनी जे तोंड केलं ते मी फोटोत पकडायला हवं होतं. मग कॅम्पस मार्शियसला उतरलो, तो चौक खरंच छान केलाय, २००४ मध्ये झाला, उन्हाळ्यात तिथे चक्क ट्रकनं वाळू आणून बीच करतात, रंगीत खुर्च्या, पोरं किल्ले करतायत, बार उघडलेला, हिवाळ्यात त्याच चौकात आइस स्केटिंग. आईनं चपला काढून वाळूत पाय घातले, तिला फार बरं वाटलं, गुडघे दुखतात तिचे. आणि मग चारी बाजूंच्या उंच इमारतींकडे बघून मला विचारते, "समुद्र कुठाय?"

मी हसले तेव्हा. संध्याकाळी आठवलं तर हसू येईना.

मी २००७ च्या शेवटी आले इथे, लग्न होऊन, नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, घर नोव्हाय मध्ये. नोव्हाय म्हणजे डेट्रॉइट नाही, पण भारतात सांगताना आम्ही सगळे डेट्रॉइटच सांगतो. आल्या आल्या मंडळातल्या सीनियर काकूंनी जी माहिती दिली त्यात इंडियन ग्रोसरी कुठली, गणपती कुठल्या हायस्कूलच्या हॉलमध्ये, बर्फात गाडी घसरली तर ब्रेक कसा दाबायचा हे सगळं होतं, आणि एक वाक्य होतं, "डाउनटाउनला संध्याकाळी जायचं नाही हं." का ते कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. एट माइल रोड म्हणजे शहराची हद्द, तिच्या अलीकडे गोऱ्या उपनगरांचं एक जग, पलीकडे काळ्या वस्तीचं दुसरं, आणि आपण कुठल्या बाजूचे हे आपल्या त्वचेचा रंग बघता जरा विनोदीच होतं, पण आम्ही सगळ्यांनी ते बिनबोभाट घेऊन टाकलं. पहिल्यांदा गेलो ते २००९ च्या जानेवारीत, भर दुपारी, नवऱ्याच्या मित्रानं नवीन कॅमेरा घेतला होता म्हणून. मंदी जोरात होती, रोज कुणाची तरी नोकरी गेल्याचं ऐकू यायचं, आणि त्या थंडीत डाउनटाउनच्या रस्त्यांवर मॅनहोलमधून पांढरी वाफ येत होती, जमिनीखालून वाफेचे पाइप आहेत इथे इमारती गरम ठेवायला. माणूस एक नाही. सिग्नल आपला लाल हिरवा होतोय, समोर गाडी नाही. आईच्या भाषेत सांगायचं तर गॅस चालू ठेवून घरातली माणसं निघून गेल्यासारखं. तिथून स्टेशनवर गेलो, कुंपणाबाहेर उभे राहिलो, सगळ्या खिडक्या फुटलेल्या, अठरा मजल्यांतून आरपार आभाळ दिसत होतं. मित्रानं दोनशे फोटो काढले. त्या वर्षी एप्रिलमध्ये सिटी काउन्सिलनं ते पाडायचा ठरावही केला होता, झालं नाही ते सोडा. मी त्यातला एक फोटो अण्णांना ईमेल केला, की बघा आमच्याकडचं स्टेशन. त्यांनी सायबर कॅफेत जाऊन बघितला आणि रविवारी फोनवर एवढंच विचारलं, "रूळ आहेत का अजून?"

मला कुठे माहीत. मी रुळांकडे बघितलंच नव्हतं.

आता जे लिहितेय ते लिहावं की नाही असं दोन दिवस चाललं होतं. २०१२ च्या सुमारास आमच्या लोकांमध्ये एक वेड आलं होतं. टॅक्स थकलेली घरं काउंटी, म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन, लिलावात काढायची, बोली पाचशे डॉलरपासून. पाचशे! ऑनलाइन, घरी बसून, पत्ता बघायचा, फोटो बघायचा, क्लिक करायचं. पार्टीत पनीर टिक्क्याबरोबर हेच विषय, कुणी किती घेतली. नवरा आणि त्याचे दोन मित्र, तिघांनी मिळून एक घेतलं, तीन हजार दोनशेला. मी पण होतेच त्यात, माझ्याही पगाराचे होते पैसे, "शेअर बाजारात घालवण्यापेक्षा बरं" हे वाक्य माझंच आहे. इन्व्हेस्टमेंट! एकदा बघायला गेलो, दिवसाउजेडी, गाडी चालू ठेवून. विटांचं छान बसकं घर, पुढे पोर्च, आत पाइप सगळे ओरबाडून नेलेले, भिंतीला भोकं. स्वयंपाकघरातल्या खिडकीला पडदा तसाच होता, पिवळा, त्यावर कोंबड्यांची नक्षी, आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघा, पोरांची उंची मोजलेली, शेजारी तारखा. आम्ही माझ्या माहेरी अशाच मोजायचो, कपाटाच्या आतल्या बाजूला. मी लगेच बाहेर आले. परत कधी गेलो नाही. टॅक्स एक वर्ष भरला, मग तिघांत वाद झाला, मग भरला नाही, आणि दोन-तीन वर्षांनी कळलं की सिटीनं ते पाडलं, त्या काळात फेडरल पैशातून हजारो घरं पाडली त्यातलंच एक. म्हणजे आमची खासगी गुंतवणूक आणि सरकारची सार्वजनिक गुंतवणूक, दोन्ही मिळून एक रिकामा प्लॉट तयार केला आम्ही. पार्टीत हा विषय आता कुणी काढत नाही.

तर स्टेशन बघून झाल्यावर समोरच्या रूझवेल्ट पार्कात बसलो. तेही नवीन केलंय, गवत कापलेलं, झाडं अजून काठीला बांधलेली. आमच्या बाकावर एक कृष्णवर्णीय आजोबा होते, अण्णांच्याच वयाचे, इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. आईनं डबा उघडला, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, सोलापूरहून बॅग भरून आणलेली, कस्टमवाल्यांनी कशी सोडली देवाला माहीत. तिनं एक तुकडा त्यांच्या पुढे केला. मला लाज वाटली जरा, पण त्यांनी घेतला, कडाक् असा आवाज आला, सगळेच हसलो, मग चटणी लागल्यावर त्यांच्या डोळ्यात पाणी आलं तेव्हा आईच सगळ्यात जास्त हसली. मग बोलायला लागले. १९५२ मध्ये, पाच वर्षांचे असताना, ते ह्याच स्टेशनवर उतरले होते, आईबरोबर, दक्षिणेतून, दोन दिवस प्रवास करून. बुटांच्या खोक्यात जेवण बांधून आणलं होतं, कारण काळ्या लोकांना वाटेत कुठे बसून खाता येईल ह्याची खात्री नसायची. मी भाषांतर करत होते, आई म्हणाली, "शिदोरी." मी तो शब्द इंग्रजीत सांगायला गेले तर जमेना. वडील आधीच येऊन कारखान्यात लागले होते, ते घ्यायला आले होते, आणि ह्यांना आठवतंय ते छत नाही की खांब नाहीत, वडिलांचे बूट आठवतायत, कारण ते लाजून खाली बघत होते. त्या वेळी शहरात साडेअठरा लाख माणसं होती. २०२० च्या जनगणनेत सहा लाख ३९ हजार.

मोठेपणी ते सिटीची बस चालवायचे, तीस वर्षं. हे सांगितल्यावर अण्णा एकदम ताठ बसले, सरकारी नोकरीवाला भेटला ना. लगेच "पेन्शन?" विचारलं. आणि मग तो किस्सा आला, जो मी पेपरात वाचला होता पण कधी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. २०१३ च्या जुलैमध्ये शहरानं दिवाळखोरी जाहीर केली, १८ अब्ज डॉलरचं देणं, आणि त्यातून बाहेर पडताना पेन्शनीला कात्री लागली, साडेचार टक्के कापली आणि दरवर्षीची महागाई वाढ बंद. जास्तच कापणार होते, पण मोठमोठ्या फाउंडेशननी आणि राज्यानं मिळून ८० कोटींवर डॉलर घातले, शहराच्या म्युझियममधली चित्रं विकायची वेळ येऊ नये आणि पेन्शनवाले अगदीच मरू नयेत म्हणून. मी अण्णांना सांगितलं. साडेचार टक्क्यांवर ते काही बोलले नाहीत. पण, "डीए बंद? कायमचा?" असं त्यांनी दोनदा विचारलं. जानेवारी-जुलैला डीए किती वाढला हे ज्या माणसाच्या आयुष्यातलं मुख्य सणवार आहे, त्याला ह्याहून भयंकर काही सांगता आलं नसतं. त्यांनी त्या आजोबांच्या हातावर हात ठेवला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, डीए मात्र कळला.

मी मुद्दाम नाही, पण सवयीनं म्हटलं की आता तरी शहर सुधारतंय ना, बघा हे स्टेशन, डाउनटाउन. ते म्हणाले हो, छान केलंय, नातवाला घेऊन येतो मी, वाईट काहीच नाही. थोड्या वेळानं म्हणाले, माझ्या गल्लीत कोण येईल? रागानं नाही हं, अगदी चौकशी केल्यासारखं. शहर १३९ चौरस मैलांचं आहे, आणि सगळे जिथे फोटो काढतात तो भाग सात-सव्वासात चौरस मैलांचा. त्यांच्या गल्लीत पंचवीस घरं होती त्यातली सात उरलीत. पण दिवे लागले म्हणाले, ते खरं. ही गोष्ट मला त्यांच्याकडूनच नीट कळली, की दिवाळखोरीच्या वेळी शहरातले चाळीस टक्के रस्त्यावरचे दिवे बंद होते आणि मग कर्ज काढून एक सरकारी प्राधिकरण नेमून २०१६ संपेपर्यंत ६५ हजार नवीन एलईडी दिवे लावले. बायकोला त्या रात्री पोर्चमध्ये बसता आलं, म्हणाले. स्टेशनच्या उद्घाटनाला केवढी कॉन्सर्ट झाली होती, डायना रॉस आली होती, एमिनेम होता. दिव्यांच्या खांबाला कुणी कॉन्सर्ट करत नाही.

पत्ता विचारावा असं मला खूप वाटत होतं, आणि नाही विचारला. समजा तीच गल्ली निघाली असती तर?

परत येताना गाडीत अण्णांनी मूळ प्रश्न विचारला, "पैसे नेमके कुणी घातले? सरकारनं का कंपनीनं?" आणि मला नीट सांगता आलं नाही, कारण तिथे ते इतकं एकमेकांत गुंतलंय की सुटं करता येत नाही. ढोबळ असं आहे. गृहकर्ज देणारा एक मोठा शेठ, डॅन गिल्बर्ट, २०१० मध्ये आपली कंपनी उपनगरातून उचलून डाउनटाउनला घेऊन आला आणि मग एकेक करत शंभरच्या वर इमारती घेतल्या, तेव्हा त्या मातीमोल होत्या. त्याचं मी कौतुकच करते, कुणी यायला तयार नव्हतं तेव्हा तो आला, हजारो पोरंपोरी दुपारी जेवायला बाहेर पडू लागली आणि त्या वाफेच्या रस्त्यांवर माणसं दिसायला लागली. पण मग जिथे हडसन्स नावाचं ते जगप्रसिद्ध दुकान होतं, जे १९९८ मध्ये सुरुंग लावून पाडलं, तिथे त्यानं नवा टॉवर बांधला, एक अब्ज ४० कोटींचा, आणि त्यासाठी २०२२ मध्ये शहराकडून सहा कोटींची करमाफी घेतली. हॉकीच्या स्टेडियमचं तर अजून मजेशीर, ८६ कोटींच्या खर्चात ३२ कोटी ४० लाख जनतेचे, आणि राज्याच्या मंडळानं त्याला मान्यता दिली ती शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केल्यानंतर आठवड्याच्या आत. स्टेडियमभोवती घरं, दुकानं, पाच नव्या वस्त्या होणार होत्या. झालं काय, तर पार्किंग लॉट. मी त्यातल्याच एकात गाडी लावते मॅच बघायला गेलं की.

ह्यातली मेख अशी की त्या भागात उद्या जो जास्तीचा कर जमणार आहे, तो आजच त्याच भागाच्या नावानं बाजूला काढून ठेवतात. अण्णांना मी उदाहरण दिलं, की समजा आपल्या क्वार्टरच्या मागे आंब्याचं रोप लावलं आणि पुढे जे आंबे येतील ते त्याच झाडाच्या कुंपणाला, खताला, पाण्याला द्यायचे, घरात खायला नाही. अण्णा म्हणाले, "किती वर्षं?" मी म्हटलं वीस, तीस. "आणि तोवर घरातल्यांनी?" मी रेडिओ लावला. मात्र दुसरी बाजू अशी की रोपच लावलं नसतं तर आंबा कुणालाच नव्हता, ते झाड तसंही वाळलेलंच होतं, हे मला शहरात काम करणारी एक मैत्रीण कायम सुनावते, आणि तिचं मला खोडून काढता येत नाही. तिला माझं कोंबड्यांच्या पडद्याचं प्रकरण माहीत आहे, त्यामुळे मी जास्त बोलतही नाही.

सगळ्यात गंमत आहे त्या रेनेसान्स सेंटरची. नदीकाठचे ते काचेचे टॉवर, डेट्रॉइटचा फोटो म्हटला की तेच असतात. १९७७ मध्ये दुसऱ्या हेन्री फोर्डच्या पुढाकारानं बांधले, तेव्हाही हेच म्हणत होते, शहराचा पुनर्जन्म, नावातच आहे. नंतर जीएमनं घेतले. आता जीएम हडसन्सच्या जागी गेली, आणि पुनर्जन्माचे दोन टॉवर पाडायचे आणि उरलेल्याचा पुनर्जन्म करायचा असा बेत निघाला, त्यातही २५ कोटी जनतेकडून मागितले. आमच्या सोलापुरात गिरण्यांच्या चिमण्या नुसत्या उभ्या होत्या कितीतरी वर्षं, आम्हाला वाटायचं असंच असतं, गावाच्या मध्ये चिमणी असते आणि तिच्यातून धूर येत नाही. स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत नाव आलं २०१६ ला तेव्हा आईनं फोनवर सांगितलं होतं, "आपलं गाव पास झालं गं." पाणी तरी पण पाचव्या दिवशीच.

मला स्टेशन आवडतं, हे लिहायचं राहिलं. खरंच आवडतं. ज्या दगडाचं ते बांधलंय तोच दगड मिळावा म्हणून इंडियानातली तीस वर्षं बंद पडलेली खाण शोधून काढली. छताच्या कामात गवंड्यांना १९१३ सालची बिअरची बाटली सापडली, आत चिठ्ठी, त्या वेळच्या दोघा गवंड्यांनी स्वतःची नावं आणि तारीख लिहून कोंबलेली. आणि फोर्डनं घेतल्याचं कळल्यावर कुणीतरी फोन केला होता, की वीसेक वर्षांपूर्वी स्टेशनवरून चोरलेलं घड्याळ मी अमुक ठिकाणी भिंतीला टेकवून ठेवलंय, घेऊन जा. ठेवलं होतंही! अण्णांना ही गोष्ट सगळ्यात आवडली. म्हणाले, "बघ, चोराला पण कळतं स्टेशनला घड्याळ लागतं."

पण मी हे पुढचं आधी सांगतेय. पार्कातून निघायच्या आधी एक झालं. आजोबा टोपी घालून गेले, आई डबा बंद करत होती, आणि स्टेशनच्या मागच्या बाजूनं भोंगा वाजला. लांब, मग आखूड, मग परत लांब. मी सतरा वर्षांत लक्षही दिलं नसतं. अण्णा उठून चालायलाच लागले, गुडघेबिडघे विसरून, कॉस्टकोच्या पांढऱ्या बुटांत, आणि मी मागे पळतेय, "अण्णा, कुठं? अहो अण्णा!" इमारतीला वळसा घालून कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. रूळ होते. इतकी वर्षं होतेच. नदीखाली १९१० चा बोगदा आहे, पलीकडे कॅनडा, आणि त्यातून मालगाड्या अजून जातात हे मला त्या दिवशी कळलं. लाल इंजिन समोरून गेलं, मग डबे, कंटेनर, टाकीवाले, जमीन हलत होती, कुंपणाची जाळी खणखणत होती, गरम ग्रीसचा वास, कुर्डुवाडीचा वास. अण्णा डबे मोजत होते, ओठ हलत होते त्यांचे. उजवा हात कोपरापासून वर आणि सरळ धरलेला. थ्रू गाडी जाताना स्टेशन मास्तर हिरवी झेंडी धरतो तसा, फक्त हातात झेंडी नाही.

मी म्हटलं, चला अण्णा, आई एकटी आहे तिकडे. ते म्हणाले, "थांब. शेवटचा डबा बघितल्याशिवाय लाइन क्लिअर देता येत नाही." शंभराच्या पुढे गेली होती मोजणी. शेवटचा डबा आला आणि गेला, त्याच्या मागे काहीच नाही, इथे गार्डचा डबा नसतो, कपलिंगला एक पेटी लटकवलेली आणि त्यावर छोटा लाल दिवा लुकलुकत होता. अण्णांनी तो दिवा बोगद्याच्या दिशेनं दिसेनासा होईपर्यंत बघितला, मग हात खाली घेतला आणि मनगटावरच्या घड्याळात बघून म्हणाले, "चार वाजून बारा."